टाचेचे ‘वाढलेले हाड’ आणि पायरीवरचा व्यायाम

सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टेकताच टाचेत सुई टोचल्यासारखी कळ यावी, थोडे चालल्यावर ती ओसरावी आणि बराच वेळ बसून उठताना पुन्हा यावी, ही टाचदुखीच्या सर्वांत सामान्य प्रकाराची, म्हणजे प्लांटर फॅसायटिसची, ओळखीची खूण आहे. एक्स-रेमध्ये टाचेला काटा दिसतो, ‘हाड वाढले आहे’ असे घरीदारी सांगितले जाते आणि सगळा दोष त्या काट्यावर जातो. प्रत्यक्षात टाच कधीही न दुखलेल्या अनेकांच्या पायांतही असा काटा आढळतो, आणि तो जागच्या जागी असतानाच दुखणे बरे झालेलेही दिसते.

खरे दुखणे असते तळपायातल्या ‘प्लांटर फॅसिया’ नावाच्या एका चिवट पट्ट्याचे. तो टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत जातो. चालताना टाच उचलली जाऊन बोटे वर वाकली की हा पट्टा, रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा, बोटांच्या सांध्यांभोवती ताणला जातो आणि पायाची कमान उंचावते, हे पायाच्या रचनेचे अभ्यासक जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये मांडले. वाढलेले वजन, कडक फरशीवर तासन्‌तास उभे राहणे किंवा आखडलेली पोटरी यांमुळे या दोरावर सोसण्यापलीकडे भार येतो. ‘फॅसायटिस’ या नावात दाह गृहीत धरलेला आहे. मात्र २००३ मध्ये शस्त्रक्रियेच्या ५० नमुन्यांच्या तपासणीत दाहाऐवजी ऊतीची झीज आढळली. रुईचे पान ठेवून गरम विटेने दिलेल्या शेकाने बरे वाटते, यात शंका नाही. पण झिजलेली ऊती त्याने बळकट होत नाही.

फिजिओथेरपीचा भर म्हणूनच ताण आणि भार यांवर असतो. पहिला व्यायाम अंथरुणातून उतरण्यापूर्वीचा: दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून हाताने बोटे नडगीकडे ओढायची, तळव्यातला पट्टा तारेसारखा ताठ लागला की दहापर्यंत मोजायचे, आणि असे दहा वेळा करायचे. दुसरा व्यायाम अधिक कष्टाचा, आणि माझ्या मते अधिक दुर्लक्षित. पायरीच्या कडेवर एका पायाने उभे राहून बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, तीन सेकंदांत टाच उचलायची, दोन सेकंद थांबायचे आणि तीन सेकंदांत खाली आणायची; हे एक दिवसाआड, आणि पुढे पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तके भरून वजन वाढवत. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर या पद्धतीचा गट केवळ ताण देणाऱ्या गटापेक्षा सरस ठरला, मात्र वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते. तेव्हा व्यायामाने सुधारणा लवकर होते एवढाच दावा करता येतो, आणि तोही आठवड्यांच्या हिशेबाने. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून तो सोडून देण्यात अर्थ नाही. दरम्यान टेपिंग (तळव्याला आधारासाठी चिकटपट्टी लावणे), मऊ टाचेची पादत्राणे आणि घरातही चपला वापरणे यांनी दिवस सुसह्य होतात.

हे सर्व निदान पक्के असेल तरच लागू पडते. विश्रांतीतही किंवा रात्री दुखत असेल, तळव्याला बधिरपणा किंवा मुंग्या येत असतील, सूज किंवा ताप असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडलेली राहत असेल, तर संधिवाततज्ज्ञाकडे जावे. तेथे मूळ दुखणे मणक्याच्या सांध्यांचे असू शकते.