लैंगिक संसर्गांची आरोग्य यंत्रणेकडे नोंद

सिफिलिस (उपदंश), गनोरिया (परमा), क्लॅमिडिया, एचआयव्ही यांसारख्या संसर्गाचे निदान झाल्यावर डॉक्टरने किंवा प्रयोगशाळेने ते सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला कळवण्याची पद्धत. कोणते आजार कळवायचे, किती दिवसांत, नावानिशी की नावाविना, हे त्या त्या देशाचे नियम ठरवतात. अमेरिकेत सिफिलिस, गनोरिया आणि क्लॅमिडियाची नोंद रुग्णाच्या नावानिशी स्थानिक किंवा राज्याच्या आरोग्य विभागाकडे होते. तिथून केंद्राकडे आकडे जाताना नाव गाळले जाते. जर्मनीत सिफिलिस मुळातच नावाविना कळवतात.

बहुतेक ठिकाणी सूचना दोन बाजूंनी येते. प्रयोगशाळेला फक्त चाचणीचा निकाल ठाऊक असतो. आजाराची अवस्था, लक्षणे सुरू झाल्याची तारीख, गर्भारपण, दिलेले औषध आणि त्याची मात्रा डॉक्टरच सांगू शकतो. ‘लॅबने कळवलेच असेल’ असे समजून डॉक्टर अर्ज भरत नाही आणि नोंद अर्धवट राहते. नाव दोन तऱ्हांनी लिहिले गेले, तर एकाच रुग्णाच्या दोन नोंदी होतात.

सिफिलिसच्या बाबतीत नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दाने काहीच कळत नाही. ट्रेपोनेमल चाचणी (सिफिलिसच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी) उपचारानंतरही बहुतेकांमध्ये जन्मभर पॉझिटिव्ह राहते. म्हणून आरपीआर या दुसऱ्या रक्तचाचणीचा टायटर, म्हणजे रक्त किती पट पातळ केले तरी चाचणी पॉझिटिव्ह येते ते प्रमाण, आकड्यातच लिहावा लागतो. आधी १:८ असलेला टायटर १:१६ झाला, तर तो चाचणीतला नेहमीचा फरक असू शकतो. १:३२ झाला, म्हणजे चौपट वाढला, तर नवा संसर्ग किंवा फसलेला उपचार यांचा विचार करावा लागतो. मागचा टायटर आणि पेनिसिलिनच्या उपचाराची तारीख हाताशी नसेल, तर जुनाच रुग्ण नवा म्हणून मोजला जातो.

नोंदीचा खरा उपयोग जोडीदारांपर्यंत पोचण्यासाठी होतो. प्राथमिक (व्रणाच्या) सिफिलिसमध्ये लक्षणांचा काळ आणि त्याआधीचे ३ महिने, दुय्यम (पुरळाच्या) अवस्थेत लक्षणांचा काळ आणि त्याआधीचे ६ महिने, गनोरिया व क्लॅमिडियात सुमारे ६० दिवस, इतक्या काळातले जोडीदार विचारले जातात. म्हणजे अवस्था चुकीची लिहिली की शोधही चुकतो. जोडीदाराला संसर्गाचा संभव आणि तपासणीची गरज एवढेच सांगतात. रुग्णाचे नाव सांगत नाहीत. हा विश्वास एकदा तुटला की लोक तपासणीलाच येत नाहीत, त्यामुळे गोपनीयतेत कुठलीही ढिलाई क्षम्य नाही.

सहज निसटते ती जन्मजात सिफिलिसची, म्हणजे आईकडून बाळाला झालेल्या संसर्गाची, नोंद. आईचा उपचार झालेला नसेल किंवा प्रसूतीला ३० दिवसांहून कमी अवधी उरला असताना सुरू झाला असेल, तर बाळात लक्षणे नसली तरी ते साधारणपणे याच नोंदीत धरले जाते. आईचा उपचार पुरेसा झालेला नसताना २० आठवड्यांनंतर मृत जन्मलेले बाळही त्यात येते; मात्र आईचा चाचणी अहवाल एका विभागात आणि प्रसूतीचे कागद दुसऱ्या विभागात असले, तर ते मोजलेच जात नाही.