आरे : हरकत नोंदवण्यापासून रस्त्यावर उतरण्यापर्यंत

मुंबईतल्या आरेची दूध वसाहत १९४९ची, आदिवासी पाडे त्याच्याही आधीचे. तिथली झाडं तोडून उभारायच्या मेट्रो-३च्या कारशेडला, म्हणजे गाड्या ठेवण्याच्या आगाराला, विरोध २०१४च्या सुमारास सुरू झाला, पण तो बराच काळ पर्यावरणाच्या कामातल्या मोजक्या लोकांपुरताच होता. शहराला जाग आली ती २०१९मध्ये.

त्या वेळच्या घडामोडींत एका शब्दाकडे पुरेसं लक्ष गेलं नाही: ‘हरकत’. राज्याच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाडं तोडण्यापूर्वी नोटीस काढून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. जुन्या काळी हरकत म्हणजे वॉर्डातल्या चार-दोन माणसांनी अर्ज लिहून द्यायचा. आरेच्या वेळी ई-मेलचा मजकूर व्हॉट्सअॅपवरून फिरला आणि ८० हजारांहून अधिक हरकती जमा झाल्याच्या बातम्या आल्या. मग वाद सुरू झाला. एकाच मजकुराची हजारो पत्रं आली, तर हरकती हजारो धरायच्या की एकच? माझ्या मते, प्रत्येक पत्राखाली वेगळ्या माणसाचं नाव असेल तर ती वेगळी हरकतच. छापील निवेदनावर हजार सह्या झाल्या तर आपण सही करणारी माणसं मोजतो, निवेदनाचा कागद नाही. घरबसल्या केलेला निषेध म्हणून या ई-मेलची हेटाळणी झाली, पण कायद्याने नागरिकाला दिलेला मार्ग तोच होता आणि लोक त्याच मार्गाने गेले होते.

२९ ऑगस्ट २०१९ रोजी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांचा प्रस्ताव मंजूर केला: २,१८५ तोडायची, ४६१ दुसरीकडे लावायची. इतक्या हरकतींनंतरही हेच होणार असेल तर आणखी एक ई-मेल कशासाठी पाठवायचा? सप्टेंबरमधल्या रविवारी आरेत मानवी साखळ्या झाल्या, तिथे कधी मोर्चाला न गेलेली कुटुंबं मुलांना घेऊन आली होती.

४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. झाडं कोसळतानाचे व्हिडिओ फोनवर पोहोचले तसे लोक अंधारात आरेकडे निघाले. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थीही होते. सरकारी कामात अडथळा आणल्याचं कलम लागलं की नोकरीच्या वयातल्या मुलाला किती वर्षं त्याची टांगती तलवार राहते, हे त्या आईवडिलांनाच माहीत.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं गेलं. ७ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या सुट्टीतच, सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला. तोवर २,१४१ झाडं पडली होती.

त्यानंतर सरकारं बदलली आणि त्यांच्यासोबत निर्णयही. नोव्हेंबर २०१९मध्ये कारशेडच्या कामाला स्थगिती मिळाली, पाठोपाठ डिसेंबरच्या सुरुवातीला आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर २०२०मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचं ठरलं, पण डिसेंबरमध्ये त्या जमिनीच्या हस्तांतरणाला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २०२२च्या सत्ताबदलानंतर कारशेड पुन्हा आरेत आली आणि रविवारची निदर्शनंही परतली. सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी अर्ज करण्याची मुभा दिली असताना परवानगी मात्र १७७ झाडांची मागितली गेली. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी मेट्रो प्रशासनाला १० लाखांचा दंड केला, पण झाडं तोडायची परवानगीही दिली.