वेन्सेस्लास राजा होता का?

ख्रिसमस आला की फॉरवर्ड फिरतो: बोहेमियाचा, म्हणजे आत्ताच्या चेक देशातला, राजा वेन्सेस्लास पुढे संत झाला. संत झाला हे खरंय, पण राजा नव्हता हो, ड्यूक (राजापेक्षा खालच्या दर्जाचा शासक) होता, 10व्या शतकात सख्ख्या भावाच्या माणसांनी त्याला मारलं आणि लोक त्याला हुतात्मा मानायला लागले. बोहेमियाला पहिला राजा मिळाला 1085 मध्ये, व्रातिस्लाव, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी! गोंधळ साहजिकच आहे म्हणा, इंग्रजी कॅरोलमध्ये, म्हणजे ख्रिसमसच्या गाण्यात, तो राजाच आहे, त्यात प्रागच्या राजमुकुटालाही त्याचंच नाव, पण तो मुकुट बोहेमियाचा नंतरचा राजा चौथा चार्ल्स याने 14व्या शतकात बनवून घेतला. पडताळायचं असेल तर प्रागमधल्या त्याच्या घोडेस्वार पुतळ्याचे फोटो झूम करून बघा, चौथऱ्यावरच्या प्रार्थनेत त्याला ड्यूकच म्हटलंय.