दूध-चीज नेमकं कुठलं? आयसोटोप टेस्टसाठी अर्ज करायचा तर काय काय लागतं

लेबलवर एका भागाचं नाव आणि आत दूध दुसरीकडचंच, असा संशय असेल तर स्टेबल आयसोटोप टेस्ट (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं, म्हणजे आयसोटोपांचं, प्रमाण मोजणारी तपासणी) करून घेता येते. पण ही टेस्ट नकाशावर बोट ठेवून जागा दाखवत नाही, तुमचा दावा त्या भागातल्या खात्रीच्या नमुन्यांशी जुळतो की नाही एवढंच सांगते. त्यामुळे "कुठलं आहे ते शोधून द्या" असा मोघम अर्ज करून काही उपयोग नाही, दावा लेखी द्या.

अर्ज कोण करू शकतं? उत्पादक, त्यांचे संघ, आयातदार, व्यापारी, सर्टिफिकेशनवाले, सरकारी खातं. फरक पडतो तो रिपोर्टच्या वजनात. नमुना तुम्ही स्वतः नेऊन दिला तर रिजल्ट फक्त त्या मिळालेल्या नमुन्यापुरता धरतात, पुढे कोर्टात जायचं असेल तर अधिकृत माणसाने घेतलेला सीलबंद नमुना आणि तो कोणाकडून कोणाकडे गेला याची सहीनिशी नोंद हवीच. लॅबची आयएसओ १७०२५ (टेस्टिंग लॅबच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता याच टेस्टसाठी आहे ना, तेही विचारा.

कागदपत्रांत फॉर्म, उगमाचा दावा, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, दूध खरेदीच्या नोंदी आणि जनावरांच्या चाऱ्याचा तपशील. चाऱ्याचा रकाना कृपा करून रिकामा सोडू नका, कारण मक्याचं कार्बनचं मूल्य (जड कार्बनचं प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा किती कमी-जास्त, ते) उणे १२ प्रति हजारच्या आसपास असतं आणि थंड हवेतल्या गवताचं उणे २७ च्या आसपास, आणि हा फरक दुधातल्या केसीन या प्रथिनामध्ये उतरतो, म्हणजे जागा तीच राहूनही नुसता चारा बदलला तरी आकडा सरकतो! म्हणूनच तुलनेचे नमुनेही शक्यतो त्याच हंगामातले लागतात.

नमुना हवाबंद डब्यात, गोठवून पाठवा. दुधातल्या पाण्याचा ऑक्सिजन आणि हायड्रोजन तिथल्या पावसाची, जमिनीतल्या पाण्याची खूण सांगतो, आणि झाकण सैल राहून पाणी उडालं की हलके आयसोटोप आधी जातात, मग रिजल्ट चुकतो. नमुना टिकावा म्हणून सोडियम अझाइड (जंतू रोखणारं रसायन) टाकू नका, त्यात नायट्रोजन असतो, मग नायट्रोजनचा आकडा बिघडतो. पावडरपासून केलेलं दूध असेल तर ते फॉर्मवर स्पष्ट लिहा, कारण त्यातलं पाणी पावडर जिथे कालवली तिथलं असतं, मूळ ठिकाण केसीनमध्ये शोधावं लागतं. स्ट्रॉन्शियमची (माती-खडकांची खूण सांगणाऱ्या धातूची) टेस्टही हवी असेल तर वेगळं सांगा, त्याला मशीन वेगळं लागतं.

इटलीच्या पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो चीजसाठी अस्सल नमुन्यांचा डेटाबेस तयार आहे, म्हणून किसलेलं चीज, ज्यावर सालीवरचा शिक्का उरलेलाच नसतो, तेही तपासता येतं. तुमच्या भागाचा असा डेटाबेस नसेल तर वेगवेगळ्या गोठ्यांतले खात्रीचे नमुने गोळा करून अर्जासोबतच द्या, आणि किती लागतील ते लॅबला आधीच विचारून घ्या.