पार्श्वभूमी : ‘ओसी’ या शब्दाचा गुंता आणि टेबलटॉप पात्रांची चित्रं

टेबलटॉप खेळात, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेत खेळायच्या खेळात, आपल्या पात्राचं चित्र काढून घेताना आज जे वाद होतात, त्यांतले बरेचसे ‘ओसी’ म्हणजे ‘ओरिजिनल कॅरेक्टर’ या नावातल्या ‘ओरिजिनल’ शब्दापाशी येऊन अडतात. खेळाडू म्हणतो पात्र माझं. चित्रकार म्हणतो चित्र माझं. प्रकाशक म्हणतो, ते पात्र ज्या जगात वावरतं ते जग आमचं. तिघांचंही आपापल्या जागी खरं आहे.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या तीन पुस्तिका आल्या, तेव्हा पात्राचे सहा गुण तीन-तीन फासे टाकून ओळीने ठरायचे आणि जे पडेल ते पात्र घ्यायचं. १९७५ च्या पुरवणीने जादूगाराला पहिल्या लेव्हलला चार बाजूंच्या एका फाशाइतकेच प्राण दिले. एका सुरीच्या घावात तो संपायचा. दुसऱ्या बैठकीपर्यंत टिकेल याची खात्री नसलेल्या माणसाचं चित्र कोण काढणार? टेबलावर त्याच्या नावाने साधारण २५ मिलिमीटरचं धातूचं मिनिएचर म्हणजे छोटी मूर्ती उभी असायची, आणि तो मेला की तेच मिनिएचर पुढच्या पात्राच्या कामी यायचं. पुस्तिकांमधली चित्रंही हौशी हातांची होती; काही पोझेस तर त्या काळच्या कॉमिक्समधून उचललेल्या.

चित्राला किंमत आली ती पात्रं जगायला लागल्यावर. ऐंशीच्या दशकात लांब पल्ल्याची कथानकं आणि त्यांच्यासोबत कादंबऱ्या आल्या, आणि मुखपृष्ठांवर नाव-गाव असलेली माणसं दिसू लागली. १९९१ मधल्या एका वाळवंटी जगाच्या संचात तर आधी चित्रकाराने रंगवायचं आणि मग लेखकांनी ते जगात बसवायचं, असा उलटा क्रमही चालला. १९९४ च्या एका संचाची ओळख प्रामुख्याने एकाच चित्रकाराच्या रेषेने घडवली. टीफलिंग (अंगात सैतानी रक्ताचा अंश असलेली माणसांसारखी जात) त्याच संचातून आले, आणि ते पुढे पुन्हा येणार आहेत.

जपानमध्ये १९८६ पासून एका संगणक मासिकात खेळाच्या बैठकीचा वृत्तांत संवादरूपात छापून येऊ लागला. त्यातल्या एल्फ मुलीला चित्रकाराने खूप लांब, आडवे जाणारे कान दिले. नियमांत त्या कानांचा उल्लेख नव्हता. पण तिथल्या वाचकांच्या मनात एल्फ म्हणजे तसेच कान हे पक्कं बसलं. टेबलावर बोललेलं पात्र एकाचं, कान दुसऱ्याचे, आणि ओळख मात्र कानांवरून. आजच्या भांडणाचं बी मला इथे स्पष्ट दिसतं.

आता शब्दाकडे. ‘ओरिजिनल कॅरेक्टर’ म्हणजे ओसी हा शब्द टेबलावरचा नाही, तो फॅनफिक्शनमधून, म्हणजे चाहत्यांनी दुसऱ्याच्या कथेवर रचलेल्या कथांमधून आला. तिथे त्याचा अर्थ नेमका होता : जे पात्र मूळ कथेत नाही, ते. दुसऱ्याच्या जगात आपण आणून सोडलेला माणूस. गंमत म्हणजे मराठीत सरळ ‘मूळ पात्र’ असं भाषांतर केलं की अर्थ पूर्ण उलटा होतो, कारण मूळ पात्र म्हणजे मूळ कथेतलंच पात्र. ‘स्वतंत्र पात्र’ म्हणावं तर तेही खोटं, कारण ते कुठल्या तरी जगावर टेकलेलं असतंच. म्हणून मी ‘ओसी’च लिहितो आणि मनात ‘आपण घडवलेलं पात्र’ असं म्हणतो. त्यात घडवण्याचा दावा आहे, शून्यातून निर्माण केल्याचा नाही.

टेबलावर या शब्दाची गरजच नव्हती, कारण तिथे मूळ कथा नसते. खेळाडूंची सगळीच पात्रं घडवलेली असतात, आणि त्यांना वेगळं काढणारा जुना शब्द आहे : प्लेअर कॅरेक्टर. मात्र २००० नंतर चित्रांची मोठी संकेतस्थळं वाढली. फॅनफिक्शनवाले, टेबलवाले आणि कुठल्याच खेळाशी वा कथेशी संबंध नसलेली पात्रं काढणारे एकाच फळीवर आले, आणि ‘ओसी’ सगळ्यांनाच लागला. ‘ओरिजिनल’मध्ये तेव्हापासून मालकीचा सूर मिसळला. “माझा ओसी, चोरू नका” हे वाक्य चित्राच्या कोपऱ्यात याच काळात रूढ झालं.

नेमकं २००० मध्येच ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीसोबत प्रकाशकाने खुला परवाना दिला. नियम कोणीही वापरावेत, पण काही नावं राखून ठेवलेली. टीफलिंग खुल्या मजकुरात होते, त्याच खेळातली गिथयांकी ही दुसरी जात राखीव यादीत. म्हणजे शेजारी बसलेल्या दोन खेळाडूंपैकी एकीचं टीफलिंग पात्र पुढे तिच्या स्वतःच्या पुस्तकात जाऊ शकतं, आणि दुसऱ्याच्या गिथयांकीला आधी जात आणि नाव बदलावं लागतं. दोघांनी सारखाच जीव ओतलेला असतो. ही रेघ खेळाडूंना समजेल अशा भाषेत कुणी सांगितली नाही, आणि माझ्या मते दोष तिथेच आहे.

चित्राच्या हक्काची रेघ आणखी वेगळी. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यानुसार बाहेरच्या चित्रकाराकडून कमिशनवर, म्हणजे पैसे देऊन खास काढून घेतलेल्या चित्राचा स्वामित्वहक्क, लेखी करार नसेल तर, चित्रकाराकडेच राहतो. काही देशांत बरोबर उलट : पैसे देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक पैसे देणारा. कमिशनं तर देशोदेशी चालतात. त्यामुळे पात्राचं वर्णन खेळाडूचं, त्याचं दृश्यरूप चित्रकाराचं, अशी अर्धी-अर्धी वाटणी प्रत्यक्षात होते आणि करारात ती क्वचितच लिहिलेली असते. चित्रकाराची बाजू इथे नेहमी कमी ऐकली जाते, असं मला ठामपणे वाटतं.

हे पटायला त्याचं काम जवळून पाहावं. पात्र नेमकं कसं दिसतं ते दाखवणाऱ्या रेफरन्स शीटची पद्धत ॲनिमेशनच्या मॉडेल शीटवरून आली : समोरून, पाठीमागून, तीन-चतुर्थांश कोनातून, बाजूला रंगांचे चौकोन, खाली शस्त्र आणि पट्ट्याचं बक्कल मोठं करून. खेळाडूने लिहिलेलं असतं, “डाव्या भुवईवर व्रण”. पात्राची डावी की बघणाऱ्याची डावी? पात्राची धरली तर समोरच्या चित्रात व्रण उजवीकडे दिसतो, आणि वळवलेला कोन काढायचा म्हणून कोणी चित्र आरशासारखं पलटवलं की व्रण भुवई बदलतो. वर्णनात नसलेले शंभर निर्णय असे एकेक करून चित्रकाराला घ्यावे लागतात. कोट गुडघ्यावर फाटलाय तर का, तलवार उजव्या कमरेला आहे तर हा डावखुरा का, हे प्रश्न अनेकदा खेळाडूला आधी पडलेलेच नसतात आणि उत्तर मग पात्राच्या इतिहासात जाऊन बसतं.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदाच्या दुसऱ्या पानावर रूपासाठी एक मोठी रिकामी चौकट छापली गेली. त्याच सुमारास इंटरनेटवर एकत्र खेळायची ऑनलाइन टेबलं रुळली आणि चित्राचा आकारच बदलला. एका लोकप्रिय व्यासपीठावर नकाशाचा एक चौरस मुळात ७० पिक्सेलचा. पूर्ण उभं चित्र तिथे मावत नाही, म्हणून चेहरा गोलात कापून टोकन म्हणजे नकाशावरची सोंगटी करतात. त्यातून शिंगं, केसांचा रंग, डोळ्यावरची पट्टी अशा लांबून ओळखू येणाऱ्या खुणांना महत्त्व आलं. २०१५ पासून खेळाच्या बैठकांची थेट प्रक्षेपणं फार लोकप्रिय होऊ लागली, प्रेक्षक त्या पात्रांची चित्रं पाठवू लागले, आणि स्वतःच्या पात्राचंही असं चित्र असावं ही ओढ त्यातून घराघरात पोचली.

जानेवारी २०२३ मध्ये खुला परवाना बदलण्याचा प्रयत्न झाला, मोठा विरोध झाला आणि त्याच महिन्यात प्रकाशकाने माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडला. टीफलिंग पुन्हा खुल्या बाजूला राहिले. त्याच वर्षी चित्र तयार करणाऱ्या यंत्रांवरून (एआय) दुसरं वादळ उठलं. फेब्रुवारीत अमेरिकेच्या स्वामित्वहक्क नोंदणी कार्यालयाने एका कॉमिकमधल्या यंत्राने बनवलेल्या चित्रांना संरक्षण नाकारलं, मजकूर आणि मांडणीला मात्र दिलं. मार्चमध्ये एका प्रकाशकाने अशा चित्रांवर बंदी घातली. ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका प्रकाशकाच्या पुस्तकातल्या काही चित्रांवर यंत्राचा हात फिरल्याचं उघड झालं आणि त्यानेही चित्रकारांसाठीचे नियम कडक केले. तेव्हापासून कमिशनच्या अटींत एक नवी ओळ दिसू लागली : काढलेलं चित्र कोणत्याही यंत्राला शिकवण्यासाठी द्यायचं नाही. व्रण कोणाच्या डाव्या बाजूला, हे मात्र अजूनही त्या अटींत कुणी लिहीत नाही.