इंग्लंडात मित्रांसोबत मेटल डिटेक्टिंगला जायचंय? आधी परवानगीचं बघा, मशीन नंतर

शेतात हे जमिनीखालचा धातू हुडकणारं मशीन (मेटल डिटेक्टर) घेऊन फिरतोस त्याला लायसन्स लागतं का, अर्ज कुठे करायचा, नाणं सापडलं तर घरी नेता येतं का, हे तीन प्रश्न मला इथल्या मराठी मंडळींकडून दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. हे मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सचं आहे, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचं वेगळं आहे ते खाली येईल.

मशीन घ्यायला किंवा वापरायला सरकारी लायसन्स लागत नाही. १९८० पर्यंत लागायचं, मग ते बंद झालं. परीक्षा नाही, ट्रेनिंगची सक्ती नाही. पण याचा अर्थ कुठेही जाऊन खणा असा बिलकुल नाही, कारण इथे प्रत्येक जमिनीला कोणीतरी मालक आहे, ओसाड माळ असला तरी आहे. शेतातून सार्वजनिक पायवाट जाते म्हणून तिथे मशीन चालवता येईल असं बऱ्याच जणांना वाटतं, तर ते चूक आहे, पायवाटेवर हक्क फक्त चालत जाण्याचा असतो.

म्हणजे खरा अर्ज जमीनमालकाकडेच करायचा. मालक कोण ते कळत नसेल तर आपण जसा सातबारा काढतो तसं इथे लँड रजिस्ट्रीच्या साईटवर फी भरून मालकाचं नाव काढता येतं, पण माझा अनुभव असा की गावातल्या दुकानात किंवा पबमध्ये विचारलं की लवकर कळतं. भेटायला स्वतः जा, एकट्याने किंवा दोघांनी, सहा जणांची गाडी भरून दारात उभे राहू नका. मेंढ्यांची वीण आणि कापणीचे दिवस टाळा, तेव्हा शेतकऱ्याला श्वास घ्यायला वेळ नसतो.

आणि परवानगी लेखी घ्या. आम्ही पहिल्या वर्षी तोंडी हो वर विश्वास ठेवून गेलो, मालकाने खरंच मनापासून हो म्हटलेलं, पण ते शेत त्याने दुसऱ्याला कसायला दिलेलं होतं आणि त्या माणसाने आठवडाभरापूर्वीच गहू पेरलेला. तो आला, ओळीत उभे असलेले आम्ही चौघं आणि ओल्या मातीत उमटलेले आमचे बूट बघत राहिला, ओरडला नाही, नुसतं म्हणाला की मला कोणी विचारलं नाही. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून आमच्या कागदावर मालकाची आणि कुळाची, दोघांची सही असते.

त्या कागदावर काय असावं? साधं एक पान पुरतं. मालकाचं आणि कसणाऱ्याचं नाव, कोणकोणती शेतं (नकाशाची प्रिंट जोडून त्यावर पेनाने हद्द काढायची), किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, कोण कोण येणार त्या सगळ्यांची नावं, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे सापडलेल्या वस्तूंची वाटणी कशी. हे शेवटचं लिहायला लोकांना संकोच वाटतो, पण ट्रेझरमध्ये (कायद्याने ज्याला खजिना म्हणतात, ते खाली येईल) न बसणारी वस्तू साधारणपणे जमीनमालकाचीच धरली जाते, त्यामुळे बटण असो की नाणं, अर्धं अर्धं ठरलंय की मालक म्हणतोय किरकोळ तुम्हीच ठेवा, ते आधीच लिहिलेलं बरं. मित्रांमित्रांतही ठरवून टाका, शोधलं एकाने आणि खणलं दुसऱ्याने यावरून चांगल्या मैत्रीत कडवटपणा येतो.

दुसरा कागद विम्याचा. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगची मेंबरशिप घेतली की १ कोटी पौंडांपर्यंतचा पब्लिक लायबिलिटी विमा त्यातच येतो. कायद्याने सक्ती नाही पण ते कार्ड दाखवलं की शेतकऱ्याचा चेहरा बदलतो, कारण उद्या आपल्या खड्ड्यात त्याच्या गायीचा पाय मोडला तर भरपाई कोण देणार हा त्याचा खरा प्रश्न असतो. बरेच मालक विम्याशिवाय नाहीच म्हणतात.

आता मालक हो म्हणाला तरी जिथे चालत नाही अशा जागा. शेड्युल्ड मॉन्युमेंट म्हणजे संरक्षित पुरातत्त्व स्थळ, तिथे इंग्लंडात १९७९ च्या कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेचं (वेल्समध्ये आता तिथल्या वेगळ्या कायद्याने कॅडू या संस्थेचं) लेखी लायसन्स लागतं, त्याशिवाय मशीन चालवणं हाच गुन्हा, काही सापडो न सापडो. गंमत म्हणजे बाहेरून बघून काही कळत नाही, साधं गवताळ रान दिसतं आणि खाली रोमन वाडा असतो. म्हणून जायच्या आधी मॅजिक नावाच्या सरकारी नकाशावर ते शेत उघडून संरक्षित स्थळं आणि निसर्गाची राखीव क्षेत्रं (यांना एसएसएसआय म्हणतात, तिथे नॅचरल इंग्लंडची संमती लागू शकते) हे दोन्ही लेयर चालू करून बघायचे, पाच मिनिटांचं काम आहे. शेतकरी पर्यावरणाच्या सरकारी योजनेत असेल तर त्या करारातही अटी असतात, त्यालाच विचारा. लोकल कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बागांना त्या कौन्सिलची परवानगी लागते आणि बरेचदा नाहीच मिळत. लंडनमध्ये थेम्सच्या काठावर ओहोटीला उतरायचं असेल तर पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचं परमिट हवं, नुसत्या डोळ्यांनी शोधायचं असलं तरी हवं, आणि त्याला वेटिंग लिस्ट आहे.

बाकी सोबत जीपीएस असलेला फोन, झिपच्या छोट्या पिशव्या, पेन आणि छोटं फावडं. पिशवीवर शेताचं नाव, तारीख आणि ग्रिड रेफरन्स लिहायचा, निदान आठ आकडी, म्हणजे जागा १० मीटरच्या आत कळते, दहा आकडी घेतला तर १ मीटरच्या आत. लोक हे टाळतात आणि तिथेच सगळं घालवतात.

बटणाचंच बघा. मशीन टुंग वाजलं, चार इंच माती काढली, आणि पितळेची चपटी चकती हातात आली, मागे तुटलेली कडी, अंगठ्याने माती सारली तर कडेला बारीक अक्षरं. पहिल्यांदा वाटतं नाणंच. इतकी बटणं शेतात आली कुठून असा प्रश्न मला खूप दिवस होता. राबणाऱ्यांच्या कपड्यांची तुटून पडली हे तर आहेच, पण शहरातल्या लोकरी चिंध्या खत म्हणून शेतात टाकायचे, बटणांसकट, आणि शहरातलं सोनखतही गाड्या भरभरून यायचं, त्यात घरातून हरवलेलं काय काय असायचं. म्हणजे एकाच शेतात एका कोपऱ्यात वीस बटणं आणि बाकी कोरडं असेल तर तिथे खताचा ढीग पडलेला असू शकतो. ही गोष्ट बटण सांगत नाही, बटणाची जागा सांगते. १७९७ ची तिसऱ्या जॉर्जची जाड तांब्याची पेनी पण मिळते कधीकधी, एक औंस वजनाची. ती बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडलेली, आणि त्याच्या काही वर्षं आधी १७९१ मध्ये त्याच टांकसाळीने आपल्या मुंबई इलाख्यासाठी कंपनीची तांब्याची नाणी पाडली होती. हे कळल्यापासून ती पेनी मला परकी वाटत नाही.

सापडलं की नोंदणी. प्रत्येक भागाला एक फाइंड्स लायझन ऑफिसर असतो, ब्रिटिश म्युझियम चालवतं त्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा माणूस. त्याला दाखवणं ऐच्छिक आहे, फुकट आहे, तो वस्तू ओळखून फोटो काढून डेटाबेसमध्ये टाकतो आणि परत देतो. घरी ब्रशने किंवा रसायनाने घासू नका, तसंच न्या.

ऐच्छिक नाही ते ट्रेझर. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी आणि निदान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, तशीच एकत्र सापडलेली दोन किंवा जास्त नाणी, आणि सोनं-चांदी त्याहून कमी असेल तर एकत्र सापडलेली दहा किंवा जास्त नाणी, हे सगळं ट्रेझर. सुटं एक नाणं सहसा त्यात येत नाही. २०२३ च्या जुलैपासून २०० वर्षांहून जुनी, धातू असलेली आणि इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाची वस्तूही आत आली, मग ती सोन्याची नसली तरी. मुदत १४ दिवसांची, सापडल्यापासून किंवा हे ट्रेझर असू शकतं हे लक्षात आल्यापासून. कायद्याने कॉरोनरला (संशयास्पद मृत्यूंची आणि ट्रेझरची चौकशी करणारा अधिकारी) कळवायचं, प्रत्यक्षात त्या लायझन ऑफिसरला दिलं की तो पुढचं करतो आणि पावती देतो. न कळवल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्युझियमला हवं असेल तर समिती किंमत ठरवते आणि बक्षीस साधारण शोधणारा आणि मालक यांच्यात निम्मं निम्मं, वर्षभर किंवा त्याहून जास्त वेळ जातो. विनापरवानगी घुसून शोधलं असेल तर बक्षीस कमी होतं किंवा मिळतच नाही.

आणि खोल काहीतरी मोठं लागलं, दोनाची चार नाणी दिसायला लागली, तर हात थांबवा. १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सनला एरिक लॉज हे एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला मशीन घेऊन गेले आणि त्यांना रोमन खजिना लागला, १५ हजारांच्या आसपास नाणी. त्यांनी सगळं उपसलं नाही, कळवलं, म्हणून पुरातत्त्ववाल्यांना ते लाकडी पेटीत कसं रचून ठेवलं होतं हेसुद्धा वाचता आलं. हातोडाही सापडला, तो पण आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उलट २०१५ मध्ये लेमस्टरजवळ (Leominster) दोघांना खजिना मिळाला, तो त्यांनी लपवून विकायला काढला, बरीच नाणी आजही बेपत्ता आहेत आणि त्या दोघांना २०१९ मध्ये अनेक वर्षांचा तुरुंगवास झाला.

स्कॉटलंडमध्ये सापडलेली प्राचीन वस्तू, कुठल्याही धातूची असो, राजसत्तेची धरतात, एडिंबराच्या ट्रेझर ट्रोव्ह युनिटला कळवायचं. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये पुरातन वस्तूंसाठी खणायचं तर आधीच लायसन्स.

सुट्टीत पुण्याला जाताना बाबांना दाखवायला एखादं नाणं बॅगेत टाकू असा विचार असेल तर थांबा, इथल्या मातीत सापडलेली ५० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर न्यायला एक्स्पोर्ट लायसन्स लागतं, किंमत कितीही कमी असो, आणि अर्ज आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडे करायचा. मी फोटो नेतो.

आणि मशीन तिकडे नेऊन गडावर शिवराई शोधायची का, हा प्रश्न मला माझ्या चुलतभावाने दोनदा विचारलाय. नाही. संरक्षित गडांवर परवान्याशिवाय खणता येत नाही, स्मारकाचं नुकसान केलं तर १९५८ च्या केंद्रीय कायद्याने २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतःच्या शेतात विहीर खणताना किंवा नांगरताना काही लागलं तर १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून आहे, १० रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला लेखी कळवायचं, त्यात काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला हे लिहायचं, आणि वस्तू जवळच्या सरकारी ट्रेझरीत जमा करायची, नाहीतर मागतील तेव्हा हजर करू अशी हमी कलेक्टरला द्यायची. जमा केली तर त्याची पोच हातात घेतल्याशिवाय तिथून निघू नका.