बरगंडीत सायकल म्हणजे नुसते चढ?

फ्रान्सच्या बरगंडीत सायकल दौरा ठरवला की कुणीतरी सांगतोच, "द्राक्षमळे टेकड्यांवर असतात, मांड्या भरून येतील." वर्षानुवर्षं चाललेला हा समज अर्धवट आहे.

मळे उतारावर आहेत, हे खरं. पण गिव्री ते क्ल्युनी हा सायकलमार्ग जुन्या रेल्वेच्या जागेवर आहे. १९९७ साली तो खुला झाला. मोटारींना बंद असलेला फ्रान्समधला हा पहिला 'व्हॉय व्हेर्त', म्हणजे हरित मार्ग. गुळगुळीत रुळांवर लोखंडी चाकं घसरतात, म्हणून रेल्वे बांधणारे चढ टाळतातच. आपल्या कसारा घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे, तर तिथे गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात! म्हणून टेकड्या आजूबाजूला दिसत राहतात, चाकाखाली मात्र जवळजवळ सपाटी. ब्यूक्सीला जुन्या स्टेशनाशेजारूनच जाता.

क्ल्युनीहून माकोंकडे निघालात की डोंगर आडवा येतो. तिथे ब्वा क्लेरचा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा आहे. आत गारठा असतो, जॅकेट वरच ठेवा. हिवाळ्यात मात्र वटवाघळांसाठी तो बंद असतो. मग खिंड चढावीच लागते.

दुसरी गफलत अशी की मळ्यांतला प्रत्येक सायकलमार्ग वाहनमुक्तच असतो. बोन ते सांतने हा मार्ग पोमार, मर्सोच्या मळ्यांतल्या वाटांवरून जातो. तिथे छोटे चढ आहेत आणि शेतकऱ्यांचे ट्रॅक्टरही. वाट मुळात त्यांचीच, बाजूला व्हायचं ते आपण.